महादेवप्पांची गार शाळा

आमच्या गल्लीतले महादेवप्पा ओव्हरसियर कुणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी भिंतीची जाडी बघतात. स्वतःच्या लग्नात म्हणे नवरीआधी मांडवाची दिशा बघितली होती. पण चाकूरजवळच्या एका शाळेच्या खिडकीपुढून जाताना हाच माणूस चोरासारखा वाकतो.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा, पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुना. आईबाप ऊसतोडीला गेलेले आणि मागं राहिलेली लेकरं झोपेत दचकणारी, कुणी मुकी झालेली. त्यांच्यासाठी निवासी शाळा बांधायचं काम अप्पांकडं आलं. विजेचा खांब आला होता, वीज वाटेतच थांबली होती. म्हणून अप्पांनी पंख्याशिवाय गार राहणारी शाळा आखली. जाडजूड दगडी भिंती, छतावर उलटी मडकी मांडून वर चुना, आणि झळ नको म्हणून खिडक्या पार छताला लागून. बाहेर कावळे चोच वासून बसायचे. आत अंगावर काटा यायचा. अप्पा जिल्हाभर सांगत फिरले.

फक्त सिंधू आत बसेना. एवढीशी पोर, भर उन्हात उंबऱ्यावर बसायची. दार उघडं राहिलं की खोली तापणार! अप्पांनी तिला उचलून आत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

"गार वाटलं की बसंल गप," म्हणाले.

बसली गप. संध्याकाळी कडी काढली तेव्हा तिचा परकर ओला होता. त्या दिवसापासून बोलणं बंद, भाकरीही बंद.

स्वयंपाक करणाऱ्या शिवम्मानं सुनावलं, "खोली लई गार हाय, अप्पा. पर लेकरं काय लोणी हायती का, झाकून ठेवाया?"

अप्पांना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी ते सिंधूच्या उंबऱ्यावर बसले. समोर रस्ता. तिच्या आईला ऊसतोडीला नेणारा ट्रक त्याच रस्त्यानं गेला होता. मग आत जाऊन बसले. भिंत, भिंत, आणि वर चतकोर आभाळ.

रस्त्याकडची भिंत फोडायला त्यांनी स्वतःच पहार उचलली.

गवंडी केरबा ओरडला, "साहेब, ही मावळतीची भिंत हाय! समदं ऊन आत ईल!"

"येऊ दे."

"मग गारव्याचं कसं?"

"तू पहार मार रे!"

खिडकी इतकी खाली आली की भिंतीच्या जाडीतच लेकराला बसायला जागा झाली. दुपारी खोली तापू लागली. सिंधू खिडकीत चढून बसली आणि रस्त्याकडं बघत तिनं अर्धी भाकरी खाल्ली. अप्पांकडं मात्र बघेना. ते रोज बाहेर उभे राहून विचारायचे, "सिंधूबाई, राग गेला का?"

एक दिवस तिनं तोंड उघडलं.

"सरका की. रस्ता दिसंना."

अप्पा इतक्या घाईनं सरकले की पाण्याच्या बादलीत पाय गेला.

पाडव्यानंतर सिंधूची आई आली, तिला घेऊन गेली. त्याला आता वर्षं झाली. परवा तिथून जाताना अप्पा वाकलेच.

मी म्हणालो, "अप्पा, आज सुट्टी हाय. आत कुणी न्हाई."

"तुला काय ठाऊक," म्हणाले, आणि खिडकी संपेपर्यंत तसेच वाकून चालले.