पडद्यांच्या गोधड्या

जून आला की कतारच्या उम्म सलाल मोहम्मदमधलं आमचं कंपाउंड रिकामं व्हायला लागतं. शाळा संपतात, कुणाचं काँट्रॅक्ट संपतं, कुणाची बदली होते. माणसं चार बॅगा घेऊन विमानतळावर जातात आणि उरलेला संसार भिंतीबाहेरच्या मोठ्या लोखंडी कचराडब्यापाशी उभा राहतो. सोफे, गाद्या, इस्त्रीचं टेबल, एखादा पाळणा. दुपारच्या उन्हात रेक्झिनला तडे जातात. मग गाडी येते आणि सगळं दाबून घेऊन जाते. नाशिकहून आले तेव्हा मला ते बघवायचं नाही. पुढे मीही आमची जुनी खुर्ची तिथेच नेऊन ठेवली.

एके सकाळी कचऱ्याची पिशवी टाकायला गेले, तर शेवटच्या व्हिलात राहणारी बाई डब्यावर वाकून एक जाड पडदा ओढत होती. तिचा नवरा एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता, एवढंच मला माहीत होतं. येता-जाता आम्ही हिंदीत दोन शब्द बोलायचो. डब्याच्या कडेला पत्रा फाटलेला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हात कापेल!"

ती वळली आणि हसायलाच लागली. "मराठी बोलतेस गो तू? आणि इतके दिवस माझ्याशी हिंदी फाडत होतीस?"

ती रत्नागिरीकडची. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी. तिच्या धाकट्या बहिणी तिला आपा म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. ती मला वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायची. पडद्याचं दुसरं टोक मी धरलं आणि आम्ही तो तिच्या घरी नेला. धुतल्यावर त्याच्या चार पिशव्या झाल्या. त्यातली एक तिने मला दिली. शिवण इतकी सरळ होती की मी ती बराच वेळ हातात घेऊन बघत बसले.

तिथून सुरुवात झाली. कंपाउंडच्या मागच्या बाजूला सामायिक कपडे धुण्याची एक खोली होती. घरोघरी मशिनं आल्यापासून ती बंदच होती. मॅनेजरला विचारलं, तो म्हणाला, वापरा, पण स्वच्छ ठेवा. आपाने तिचं शिलाई मशीन तिथे आणून मांडलं. माझ्या नवऱ्याने दोहातल्या वेस्ट बेमधल्या त्याच्या ऑफिसाने टाकून दिलेली दोन मोठी टेबलं सुटीच्या दिवशी आणली. व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. आधी कुणी आलं नाही. मग एक पुण्याची इंजिनिअर आली, केरळच्या दोघी आल्या, एक फिलिपिनो नर्स सुटीच्या दिवशी यायला लागली. चादरी, पडदे, जुन्या जीन्स. त्यांच्या पिशव्या व्हायच्या, ॲप्रन व्हायचे, उशांचे अभ्रे व्हायचे. मोडक्या खुर्च्यांना नव्या पट्ट्या बसायच्या. माझी मुलगी एकदा दारातून डोकावली आणि नाक मुरडून म्हणाली, "आई, इट स्मेल्स इन हिअर." वास होता खरा, उकळत्या पाण्याचा आणि साबणाचा. मला तो आवडायचा.

हिवाळ्याच्या तोंडावर आपाला गोधड्यांची कल्पना सुचली. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ इलेक्ट्रिशियन होता, इंडस्ट्रियल एरियाजवळच्या बरवा अल बराहाला कामगारांच्या वसाहतीत, तिथल्या भाषेत कॅम्पमध्ये, राहायचा. तो म्हणाला होता की खोलीतला एसी कुणा एकाच्या हातात नसतो, पहाटे अंग काकडतं. आम्ही पडद्यांचे तुकडे जोडले, आत जुन्या चादरींचे थर घातले आणि धावदोरा घालत बसलो. आपा टाके घालताना गुणगुणायची. तिच्या आईने घातलेल्या वाकळांच्या गोष्टी सांगायची. तो चुलतभाऊ गाडी घेऊन आला, गठ्ठे बांधून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. दुमजली लोखंडी पलंगांवर आमच्या गोधड्या, आणि एका पलंगावर लाजून हसणारा एक नेपाळी माणूस. आपाने तो फोटो सगळ्यांना दाखवला. कितीदा दाखवला ते विचारू नका.

पण खोलीत येणारं सामान बदलत चाललं होतं. सुरुवातीला लोक धुतलेल्या चादरी घडी घालून आणायचे. मग काळ्या पिशव्या दाराशी येऊन पडायला लागल्या. त्यांत अर्धवट शाम्पूच्या बाटल्या, फुटके डबे, मुलांच्या डायपरचं उरलेलं पाकीट. कुणीतरी ओली गादी भिंतीला टेकवून ठेवली आणि त्याच दिवशी देश सोडला. आणखी एक गोष्ट मला टोचायला लागली. एका शेजारणीने नवा सोफा घेतला आणि जुना आमच्या खोलीत आणला, तो अगदी धड होता. मी म्हटलं, "अहो, हा तर चांगलाय." ती मोकळेपणाने म्हणाली, "म्हणून तर! तुमची खोली आहे ना आता, टाकताना जिवाला लागत नाही."

मी हे आपाला सांगितलं. तिने सुई थांबवली नाही. म्हणाली, "लोकांचा मन हलका झाला, कचरा कमी नाय झाला." मग थोड्या वेळाने, "आपण बंद केला तर कमी होईल काय? तसा पन नाय होणार."

फेब्रुवारीत चुलतभावाचा फोन आला. आपाने तो स्पीकरवर टाकला, कारण तिच्या हातात कात्री होती.

"आपा, खोल्यांमध्ये ढेकूण झाले. तुमच्या गोधड्यांतून आले असा मी नाय म्हणत. आधी पन होते. पन कॅम्प बॉसने बाहेरून आलेला सगळा कापड काढायला लावला."

"धुऊन घ्या. मी येते, मी धुते."

"धुवायला ठेवलाच नाय. कचऱ्याची गाडी आली, घेऊन गेली. खलास."

खोलीत आम्ही तिघी-चौघी होतो. आपाने कात्री खाली ठेवली आणि हातातला तुकडा उजेडाकडे धरून उलटसुलट बघायला लागली, शिवणीत नख घालून. प्रत्येक कापड तिने स्वतः उकळून घेतलेलं मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी ती बघत राहिली. त्यानंतर फिलिपिनो नर्स आली नाही. पुण्याच्या इंजिनिअरने ग्रुप सोडला, कारण सांगितलं नाही. ढेकणांची बातमी कंपाउंडभर झाली होती, मुलांना खोलीच्या बाजूला खेळू देत नव्हते. पिशव्या मात्र येत राहिल्या.

शेवटी मॅनेजर आला. आगीचा धोका आहे, तपासणी होणार आहे, खोली रिकामी करा. मी वाद घातला. मुदत मागितली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने नुसतं दार उघडून आत बोट दाखवलं. छतापर्यंत ढीग लागला होता.

आम्ही दोघींनी, माझ्या नवऱ्याने आणि तिच्या नवऱ्याने मिळून ती खोली रिकामी केली. आधी वाटलं होतं, चांगलं ते निवडून ठेवू. निवडलेलं ठेवायला जागा कुठे होती? माझ्या घरात काही गठ्ठे आले, तिच्या घरात काही. बाकी सगळं डब्यात. अर्धवट शिवलेल्या गोधड्यासुद्धा. आपाने त्या स्वतः टाकल्या, मला हात लावू दिला नाही.

तिच्या नवऱ्याची कंपनी गाशा गुंडाळायच्या बेतात होती, हे तोवर तिने मला सांगितलंच नव्हतं. उन्हाळ्यात त्यांचाही व्हिसा संपला. तिने आपलं सामान कुणाकुणाला देऊन बघितलं. फ्रिज कुणी घेतला, कपाटं कुणालाच नको होती. शिलाई मशीन मी ठेवून घेते म्हटलं, तर म्हणाली, "शिवशील काय तू? नाय ना. मग कशाला?" ते तिने एका श्रीलंकन बाईला दिलं. जायच्या सकाळी तिचं जेवणाचं टेबल, मुलांचे पलंग, चटया भिंतीबाहेर उभ्या होत्या. गाडीत बसताना ती तिकडे न बघता मला म्हणाली, "चल वयनी, इन्शाल्ला." पुढे काय इन्शाल्ला, ते बोललीच नाही.

आता अधूनमधून तिचा फोन येतो. नवरा परत आखातात यायचं बघतोय, जमत नाही. गुडघे दुखतात म्हणते. परवा मी विचारलं, शिवणकाम करतेस का. म्हणाली, गावात हल्ली कुणी शिवून घालत नाही, सगळे तयार आणतात, आणि फाटलं की खाडीच्या कडेला टाकतात. मग माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं तिने. मी सांगितलं. मागे तिच्याकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.