ओल्या फडक्यांची पाळी

आधी तिचं सांगते, मग माझं. पेणजवळ जोह्याला आमच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळायला एक मावशी होती. डोंगराकडच्या वाडीवरची. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण मातीच्या गोळ्यात नुसता अंगठा दाबून ‘अजून खडा हाय’ असं सांगायची आणि खडा निघायचाच. मी आज दर रविवारी माझ्या आईशी बोलते ते तिच्यामुळे. आणि तिला आज त्या कारखान्यात जागा नाही ती माझ्यामुळे. हे दोन्ही एकाच महिन्यात झालं, आणि दोन्हीच्या मुळाशी मोबाईलवरचा एक गेम होता.

माझं गाव नांदेडकडचं. आठवीपुढची शाळा दुसऱ्या गावाला होती. नववीत चार महिने पायी गेले, मग बाबा म्हणाले पुरे. तेव्हा आमच्या घरात असला फोनच नव्हता. म्हणून गेममुळे पोरं शाळा सोडतात असं कुणी म्हणालं की मी गप्प ऐकून घेते. माझी शाळा गेम नसतानाच सुटली.

पुढे मी माझ्या मनाने लग्न केलं. बाबांनी सांगितलं, इथून पुढे या घरात तुझा फोन यायचा नाही. नवऱ्याला रोह्याच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं, म्हणून आम्ही पेणला रामवाडीत एक खोली घेतली. तो शिफ्टप्रमाणे रोह्याला जायचा, मी एसटीने जोह्याला. मूर्तीचं अंग साच्यातून निघायचं. हात आणि सोंड वेगळे जोडायचे. ते जोडणं आणि ओल्या बोटाने सांधा गुळगुळीत करणं हे माझं काम. पहिले सहा महिने मला फक्त एकच भीती होती, की कुणीतरी येऊन म्हणेल, तू इथली नाहीस, जा. तशी ती अजून पूर्ण गेलेली नाही.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो दहावीत गेला तेव्हा घरात त्याला अभ्यासासाठी फोन घेतला. त्याने अभ्यासाआधी काय केलं असेल, तर मला तो गेम फोनवर घ्यायला लावला. चौघांची टोळी विमानातून उडी मारते, बंदुका गोळा करते आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं बघते. कानात वायर घातली की एकमेकांशी बोलता येतं. मी गेममध्ये एका पहिलवानाचं नाव घेतलं होतं. घरी सगळ्यांना वाटतं, हा कुठल्यातरी मित्राशी ओरडतोय, असं मी समजत होते; ‘आक्का’ तो बाबा शेतात असतानाच म्हणायचा.

मला बंदूक धरता यायची नाही. झाडामागे लपून बसायचं आणि ऐकायचं, एवढाच माझा खेळ.

“आक्का, डावीकडं बघ. आईचे गुडघे लई दुखायलेत. पळ, पळ! बाबांनी म्हैस इकली. अगं मागं माणूस हाय, मार की!”

असं घर मला कळायचं. कुणाचं लग्न ठरलं, विहिरीला पाणी किती उरलं, बाबा कुणाशी भांडले, सगळं गोळ्यांच्या आवाजात. समोरासमोर किंवा साध्या फोनवर तो एवढं कधी बोलला नसता. त्या वयाच्या पोराला बहिणीशी काय बोलावं ते सुचत नाही. हात कामात असले की तोंड सुटतं. आमच्या कारखान्यात बायकांचंही तसंच आहे.

एकदा मी बसून खेळत असताना मावशी माझ्या खांद्यावरून डोकावली. “काय करतेस गो त्यात?”

“भावाला भेटते.”

तिने थोडा वेळ बघितलं. “भावाला भेटायचं तर माणसं कशाला मारतेस? बसून बोला की.”

“तसं घरात चालत नाही मावशी.”

“म्हंजे माणसं मारलेली चालतात नि बोललेलं नाय चालत. बरं हाय तुमचं नांदेड.”

ती हसत निघून गेली. पण त्यानंतर दुपारी माझ्या कानात वायर दिसली की मला नीट ऐकू यावं म्हणून ती इतर बायकांना माझ्यापासून लांब जेवायला बसवायची.

आता त्या दिवसाचं. जानेवारी होता. परदेशात जाणाऱ्या मूर्ती आधी कराव्या लागतात, कारण त्या जहाजाने जातात. अकरा मूर्तींचे हात सकाळी जोडले होते. शाडूची माती वरून वाळते आणि आत ओली राहते, मग सांधा ओढला जातो आणि तडा पडतो. म्हणून नवीन सांध्यांवर ओली फडकी ठेवायची आणि ती सुकू द्यायची नाहीत. जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा होतो तेव्हा एकीने मागे थांबून फडकी भिजवायची, अशी आमच्यात पाळी होती. त्या दिवशी पाळी माझी होती.

एकदा फिरून फडकी भिजवली आणि सकाळची शाळा करून आलेल्या भावाबरोबर गेम सुरू केला. अर्ध्या तासाचा खेळ, त्यात एकदा उठायचं आणि पाणी शिंपडायचं, असं मी आधीही केलं होतं. पण मध्येच तो म्हणाला, “आक्का, काल आई तुझ्याबद्दल इचारायली होती...” आणि लगेच, “थांब, थांब, गाडी आली समोर!”

दीड वर्षात आईने माझं नाव काढल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. पुढचं वाक्य येईना. गोळ्या चालू, तो धावतोय, मी झाडामागे. “आई काय म्हणाली?” मी तीनदा विचारलं. “सांगतो की, आधी हे मरू दे!” तो गेम मध्ये थांबवता येत नाही. बाहेर पडले असते तर ते वाक्य गेलं असतं, असं मला वाटलं. खरं तर संध्याकाळी विचारता आलं असतं. पण त्या वेळी ते सुचलं नाही. फडकी समोर होती. ती सुकून पांढरी पडताना मी बघत होते आणि बघत नव्हते.

खेळ संपला तेव्हा तो म्हणाला, “आई इचारायली, मातीच्या कामानं तिचे हात फुटतात का.”

मी माझे हात बघितले. मग मूर्तींकडे बघितलं. सात मूर्तींच्या खांद्याला केसासारख्या रेघा उठल्या होत्या.

मी पाणी घेऊन धावले. मावशी मागून आली आणि तिने माझा हात धरला. “आता पाणी नको ओतूस. मोठं होईल.” तिने पातळ माती कालवली आणि बोटाने भेगांत भरायला लागली. मी रडत होते, की देवाच्या खांद्याला मी तडा पाडला. ती वर न बघता म्हणाली, “अजून देव कुठे झालाय? माती हाय. तू रडायचं थांब नि ती थाळी धर.”

चार मूर्ती सावरल्या. तीन नाही. तेवढ्यात शेठ आले.

“कोणाची पाळी होती?”

माझं तोंड उघडलं होतं, हे मी अगदी खरं सांगते. पण आवाज आला नाही. मावशी म्हणाली, “माझी. डोळा लागला जरा.”

शेठने एका मूर्तीचा खांदा बोटाने चाचपला. “इतकी वर्षं झाली, मावशी. तुला सांगायला लागतं?” त्या तीन मूर्ती परत मातीच्या ढिगात गेल्या. शेठने सांगितलं, ही ऑर्डर होईपर्यंत थांब, पुढे दुसऱ्या कोणाला बघतो. मावशीने मान हलवली आणि पुन्हा मळायला बसली.

मी नंतर तिला विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली, “मला वाडी हाय, लेक हाय. तुला कोण हाय इथे?” मी तेव्हा म्हणायला हवं होतं की चल, शेठकडे जाऊ. मी म्हटलं नाही. जागा गेली तर मी काय करू, रामवाडीच्या खोलीत एकटी दिवसभर कशी बसू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आठ दिवसांनी दुपारी भावाच्या नंबरवरून साधा फोन आला. गेम नाही, फोन. मी उचलला तर आई.

“पोरगा गणितात आन विज्ञानात नापास झाला. पूर्व परीक्षेत. तू त्याचं वाटुळं करायलीस.”

दीड वर्षाने आईचा आवाज ऐकला, तो असा. मला राग यायला हवा होता की रडू, ते कळेना. मी म्हटलं, “आई, आम्ही त्या खेळातून बोलतो हे तुला माहीत होतं?”

“मी आंधळी हाव का? तो खेळायला बसला की मी शेंगा फोडत जवळ बसायचे. तुझा आवाज कानी पडंना, पण तो काय बोलायला ते तर पडायचं. तू पलीकडं हायस म्हणून मी त्याला उठ म्हणले न्हाई. चूक माझीच हाय. आता बंद कर.”

म्हणजे तिकडेही कुणीतरी फडकी पांढरी पडताना बघत बसलं होतं. मी फोन कानापासून खाली घेतला. मावशीने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“ओ बाय, मी हिच्यासंगतीची. माती मळते.”

आई पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मावशीचंच ऐकू येत होतं. “व्हय... नाय, हात चांगलं हायत तिचं, तेल लावते रोज... तो खेळ बंद करा, करायलाच पायजे. पण मंग ह्या पोरीनं बोलावं कुठे? तुम्हीच फोन करा. तुमच्या घरच्या मालकांना नका सांगू. शेंगा फोडताना करा, तेवढा वेळ असतोच बायमाणसाला.” मग दोघी गुडघ्यांवर बोलल्या, निर्गुडीच्या पाल्यावर बोलल्या. माझ्या फोनवर, मी समोर उभी असताना, वीस मिनिटं.

त्या रविवारी आईचा फोन आला. पुढच्याही.

मी भावाला सांगितलं, परीक्षा होईपर्यंत मी खेळणार नाही. तो चिडला. “मंग तू पण बाबांसारखीच झालीस.” पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दहावी पास झाला, गणितात काठावर.

लोक विचारतात, आमच्या बस स्टॉपवरच्या आया तर रोज विचारतात, की या गेमने पोरांचं भलं होतं की वाईट. मला एका शब्दात सांगता येत नाही. त्या गेमने मला आठ महिने घर दिलं. त्यानेच तीन मूर्ती मोडल्या आणि माझ्या भावाचे दोन विषय घालवले. आणि आता आम्ही दोघं साध्या फोनवर बोलतो तेव्हा ‘जेवलीस का’, ‘हो’, यापुढे गाडी जात नाही. म्हशी, विहीर, भांडणं काही कळत नाही. तेवढं नुकसान मला अजून वाटतं. पण त्या दुपारी मला फडक्यांपासून गेमने अडवलं नव्हतं. अडवलं होतं त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याने. आईला ते सरळ मला विचारता आलं असतं तर मी खेळ टाकून उठले असते, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

मावशी आता निडीला लेकीकडे असते, शेतावर मजुरीला जाते. पावसाळ्याआधी एकदा रोह्याच्या गाडीने गेले, निडीला उतरले. ती बांधावर भाकरी खात होती. मला बघून पहिलं काय म्हणाली असेल? “माणसं मारायची सोडलीस का गो?” मग माझे हात उलटेपालटे करून बघितले. “आईला सांग, फुटलं नायत.” मी शेठचा विषय काढला. तिने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, खा आधी.

परतीच्या गाडीत मी ठरवलं आणि अजून केलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. परदेशी मूर्तींचं काम पुन्हा सुरू होईल, पहिल्या सांध्यांवर फडकी पडतील, त्या दिवशी मी शेठसमोर उभी राहून सांगेन की ती पाळी माझी होती. माझी जागा गेली तर जाऊ दे. मग निडीला जाऊन मावशीला हाताला धरून जोह्याला आणेन, आणि ती मातीत अंगठा दाबून खडा आहे की नाही ते सांगेपर्यंत तिथून हलणार नाही.