चांदव्याची निळी कड

नळदुर्गात हायवेला लागून माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओच्या मागे एक रिकामा प्लॉट, आणि प्लॉटपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पेंटरचाचा. मी शाळेत होतो तेव्हापासून ते ट्रक रंगवतात. मोर, कमळ, घोडे, ड्रायव्हर सांगेल ते. समोर चित्र ठेवून रंगवताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. जे बघायचं ते आधी बघून घ्यायचे आणि मग ब्रश उचलायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, पण चाचांचा डोळ्यावरचा भरवसा उडाला. रंग फार उजळ दिसतात म्हणायचे, आणि निळा तर अंगावरच येतो. पोरगा म्हणाला, अब्बा, आता आराम करा. ब्रश रॉकेलच्या डब्यात तसेच राहिले.

श्रावण संपता संपता प्लॉटमध्ये घोळीची रानभाजी माजली. चाचांच्या घरून रोज कुणीतरी भाजीपुरती खुडून न्यायचं, तरी ती हटेना. त्या घोळीच्या मधोमध एक दगड आहे, त्यावर एक फुलपाखरू येऊन बसायला लागलं. काळं कुळकुळीत, आणि पंखांवर पांढरे शुभ्र सहा चांद. दुसरं कुठलंही फुलपाखरू दिसलं की अंगावर धावून जायचं आणि परत त्याच दगडावर. सातबारा नावावर असल्यासारखं. त्याला चांदवा म्हणतात, हे मला नंतर मोबाइलवर कळलं.

एका सकाळी चाचांनी हाक मारली.

"बेटा, जरा इकडं ये. त्या चांदाभवती निळी कड दिसती का तुला?"

मी वरून वाकून पाहिलं. काळं आणि पांढरं. "नाही, चाचा."

"मला दिसती. लई झळझळीत. खरीच हाय का डोळ्यातच बिघाड हाय, तेवढं बघून सांग. हैदराबाद लाइनचा एक ड्रायव्हर गाडीचा मागचा फाळका रंगवून मागतोय. माझी नजर खोटी असंल तर त्याला न्हाय सांगतो. परत ब्रशला हात लावत न्हाय."

मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. चाचांच्या नजरेचा निकाल माझ्याकडे! म्हटलं, "चाचा, कॅमेरा खोटं बोलत नाही. आणतो."

त्यानंतर चार सकाळी मी त्या घोळीत लोळलो. नवरा-नवरींना 'हनुवटी वर, थोडं हसा' म्हणायची सवय असलेल्या माणसाला फुलपाखरू अजिबात जुमानत नाही. जवळ गेलो की उडायचं, उठून पँट झटकली की परत दगडावर हजर. शेवटी पोटावर सरकत सरकत अगदी हातभरावर पोचलो. एक-दोनदा पंख तिरपे झाले तेव्हा त्या चांदांभोवती काहीतरी निळं चमकून गेल्यासारखं वाटलं, पण तेव्हा सगळं लक्ष फोकसवर. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर काहीच दिसत नव्हतं.

स्टुडिओत येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले. एकाहून एक साफ आले होते. पंखावरची रेघ न् रेघ मोजून घ्यावी. निळं मात्र औषधालाही नाही. चांदांभोवती फिकट राखाडी कड, बस. मलाही वाटलं होतं की काहीतरी निळं चमकलं, पण कॉम्प्युटरवर नाही म्हणजे नाही.

सगळ्यात चांगल्या फोटोची मोठी प्रिंट काढून चाचांना दिली. आता वाटतं, ती प्रिंट मी जरा ऐटीतच पुढे केली होती. चाचांनी ती उजेडात धरली, मग सावलीत धरली.

"फोटो झकास काढलास," म्हणाले. "बरं झालं, समजलं तरी."

ड्रायव्हरला त्यांनी नाही सांगितलं. दोन दिवसांनी ब्रश धुऊन, पुसून, जुन्या लुंगीत गुंडाळून ठेवताना दिसले. मला वाईट वाटलं, पण खरं ते सांगितलं याचं समाधानही होतं.

पुढच्या आठवड्यात बायको कॅमेऱ्यातले भाच्याच्या बारशाचे फोटो बघत बसली होती. मागे जात जात फुलपाखरापर्यंत पोचली.

"अहो, ही निळी कड किती गोड आहे!"

"निळं नाहीये त्यात," मी जेवता जेवता म्हणालो.

"डोळे तपासून घ्या तुमचे," असं म्हणून तिने कॅमेरा माझ्या ताटापुढे धरला.

सहाही चांदांभोवती जांभळट निळी कड. झळझळीत. चाचांचाच शब्द.

हातातला घास तसाच राहिला, कारण क्षणात सगळं लक्षात आलं. आपल्याकडची लग्नं निळ्या ताडपत्रीखाली लागतात. मांडवातल्या सगळ्यांचे चेहरे निळे पडतात, आणि मग नवरीची आई अल्बम घेऊन भांडायला येते. तिला कंटाळून मी कॉम्प्युटरमध्ये एक सेटिंग कायमचं करून ठेवलं होतं: फोटो आत आला की त्यातलं निळं आपोआप उतरवायचं. इतक्या वर्षांत ते आहे हेच विसरलो होतो. कॅमेऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. खोटं मी सांगितलं होतं, तेही मोठी प्रिंट काढून. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

सकाळी कॅमेरा घेऊन चाचांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. चाचांनी पडद्यावर पाहिलं. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार.

"म्हंजे हाय," ते म्हणाले.

"आहे, चाचा. चुकलं माझं."

"हाय म्हण की मग मोठ्यानं!" आणि हसत हसत त्यांनी माझ्या पाठीत एक दणका घातला. मग घरात ऐकू जाईल अशा आवाजात पोराला ओरडले, "ब्रश काढ रे लुंगीतनं!"

ड्रायव्हर पुढच्या खेपेला आला, तेव्हा फाळक्यावर चांदवा उतरला. हातभर पंख, सहा चांद, आणि कड अशी की हायवेवरून दिसावी. गाडी निघायच्या आधी चाचांनी मला बोलावलं. नवा सदरा घालून फाळक्याशेजारी उभे राहिले. ऊन होतं म्हणून वर ताडपत्री बांधली होती. निळीच.

फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. चित्र सुरेख आलं होतं, पण चाचांचा चेहरा, पांढरी दाढी, सगळंच निळं झालं होतं. सवयीने तोंडातून गेलं, "चेहरा नीट करून देतो, चाचा."

"हात लावू नको," चाचा म्हणाले. "हाय तसाच दे."

तो फोटो आता त्यांच्या शेडमध्ये लावलेला आहे.