तळव्याची नजर

माळावर सोलरच्या काचांच्या चाळीस रांगा होत्या आणि त्या धुणाऱ्या बायका दोनच, नात्यानं नणंद-भावजय. दिवस वर येण्याआधी काम उरकावं लागे; तापल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते.

भावजय जुनी. बारा वर्षं तिनं त्या काचांत सूर्य उगवताना पाहिला, आणि त्या लखलखाटानं म्हणा की वयानं म्हणा, तिच्या डोळ्यांतला पडदा सुकत गेला. माणसाचा आकार कळे, चेहरा नाही. गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पण बाई अशी जिद्दीची, की तिनं नजर तळव्यात उतरवून घेतली. ओल्या काचेवरून हात फिरवला की पाखराची वाळकी शीट, चिकट धूळ, खाऱ्या पाण्याचा पातळ थर, सगळं तिला वेगवेगळं लागे. हे गुपित नणंदेला तेवढं ठाऊक. कामावरचे साहेब येताना दिसले की ती पुटपुटे, "उजवीकडे बघ, वहिनी." त्या बदल्यात पाण्याचा जड पाइप भावजय एकटी ओढी.

मग साहेबांनी यंत्र मागवलं. काचेवर आपोआप चालणारा ब्रश. एका रांगेवरून दुसरीवर सरकवायला एकच बाई पुरे.

"भांडू नका," साहेब म्हणाले. "उद्या दोघी एकेक रांग धुवा. दुपारपर्यंत जिची रांग जास्त वीज देईल, ती राहील."

दुसऱ्या दिवशी नणंदेनं तासाभरात रांग संपवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वहिनी, धुतेस की मालिश करतेस?"

"काच आहे, वन्सं. लाडानं घेतली तर देते."

"बाळंतीण आहे होय?"

हे काम गेलं तर घरात आंधळी म्हणून कोपऱ्यात बसायचं आणि वाढतील ते गिळायचं, हे भावजयीला पक्कं ठाऊक होतं. एकेक काच तिनं लेकराच्या पाठीसारखी चाचपली.

दुपारी साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. संगणकाकडे पाहून ते म्हणाले, "वहिनींची रांग पुढे. चांगलीच पुढे."

भावजयीचा ऊर भरून आला. तेवढ्यात शेजारून नणंदेचा आवाज आला, मधात बुडवलेला.

"मला आनंदच आहे, साहेब. फक्त यंत्रावरचे लाल-हिरवे दिवे तिला वाचून कोण दाखवणार? तिला दिसत नाही ना."

केसानं गळा कापावा तो असा.

साहेब म्हणाले, "ही किती बोटं, वहिनी?"

भावजयीनं मान पुढे काढली. तिच्यासमोर नुसता करडा आकार.

"तीन."

साहेबांचे दोन्ही हात खिशात होते. आधी नणंद हसली, मग साहेबांनाही हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी नणंदेला सांगितलं, "उद्यापासून यंत्र तुझ्याकडे."

बाहेर आल्यावर नणंदेनं तिचा दंड धरला. "राग धरू नकोस. घरातल्या एकीचं तरी टिकलं. आता तो थर हाताला कसा कळतो, तेवढं शिकवून जा. यंत्रानं मागे सोडला तर साहेब मलाच धरतील."

"या."

"आत्ता? तापलंय की सगळं."

"तापल्यावरच कळतो."

भावजयीनं तिचा हात प्रेमानं हातात घेतला, पहिल्या रांगेपर्यंत नेला आणि काचेच्या लोखंडी चौकटीवर उताणा नव्हे, पालथा ठेवला. वर आपला तळवा टेकला आणि अंगाचा सगळा भार दिला. बारा वर्षं पाइप ओढलेला तो हात.

"वहिनी, सोड."

"काय लागतंय?"

"भाजतंय. सोड ना गं."

"घाई केली की कळत नाही, वन्सं. नीट बघा."

नणंद गुडघ्यावर आली, दुसऱ्या हातानं तिला बोचकारू लागली. केबिनच्या दारातून साहेबांनी हाक मारली, "काय चाललंय तिकडे?"

"शिकवतेय, साहेब," भावजय म्हणाली, आणि तिनं हात आणखी दाबला.