सहावा पिंजरा

भावकूकाका रोज सकाळी साडेसातला प्राणीगृहाच्या दाराशी उभे राहून तीनदा खाकरायचे. मग थोडं थांबायचे, आणि मगच दिव्याचं बटण दाबायचे. एकदम उजेड पडला की उंदीर दचकतात, एकमेकांना चावतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरीही पहाटे मोरीतला दिवा लावण्याआधी ते खाकरायचे. मालुकाकू अंथरुणातूनच म्हणायची, "लावा वो, हितं कोण उंदीर न्हाय."

बेळगावातल्या एका फार्मसी कॉलेजात ते एकतीस वर्षं कामाला होते. पिंजरे धुवायचे, खालचा भाताचा तूस बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, पेलेट म्हणजे कारखान्यातून येणारं गोळ्यांचं खाणं घालायचं, आणि विद्यार्थी औषध पाजत असताना उंदीर हातात धरायचा. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या. ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एम.ए.ची दोन वर्षं मी वडगावात त्यांच्याकडे राहिले. शेजारच्या घरातला माग दिवसभर चालायचा, आणि तो थांबला की काका मान वर करून विचारायचे, "करंट गेला काय?"

"घरात उंदीर आला तर ह्यांनी कधी पिंजरा लावला न्हाय बघ," काकू मला सांगायची. "म्हणं वळख निघंल."

त्यांचा आणखी एक व्याप होता, तो नोकरीच्या आधीपासूनचा. आमचं गाव खानापूरच्या पुढं, रानाला लागून. आमच्या घराण्यात काविळीचं औषध आहे. एक पाला आहे, त्याचं नाव बाहेर सांगत नाहीत, म्हणून इथंही लिहीत नाही. गुरुवारी सूर्य उगवायच्या आत तो खुडायचा, वाटून ताकातून द्यायचा, आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याला पथ्य सांगायचं. अकरा दिवस तेल नाही, फोडणी नाही, मीठ नाही, डाळ नाही. नुसता ताकभात किंवा जोंधळ्याची भाकरी. पथ्य सांगायचं राहिलं तर दोष देणाऱ्याला लागतो, असं आमच्यात मानतात. काका नोकरीसाठी शहरात आले तसं औषधही त्यांच्याबरोबर आलं आणि परसात रुजलं. दर गुरुवारी कुणी ना कुणी पिवळ्या डोळ्यांनी दारात बसलेलं असायचं.

त्यांचा मुलगा पुण्यात. त्यानं साफ सांगितलं होतं, "आप्पा, माझ्यानं व्हायचं न्हाय ते." निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा काकांना एकाच गोष्टीची काळजी होती, की हे औषध आपल्याबरोबर जाणार. त्याच सुमाराला मंजुश्री आली.

मंजुश्री निपाणीची. आई विड्या वळून हिला शिकवत आलेली. ती रोज निपाणीहून बसनं यायची, पाच वाजता परत जायची, आणि पीएच.डी.साठी वनस्पती शोधत होती. काकांनी महिनाभर विचार केला आणि एका गुरुवारी रुमालात बांधून पाला तिच्यासमोर ठेवला. घराण्याबाहेर तो पहिल्यांदाच गेला.

"म्याडम, हे एकदा पुस्तकात लिवून ठेवा," ते म्हणाले. "खरं असंल तर खरं, खोटं असंल तर खोटं."

तिनं पाला सावलीत वाळवला, त्याचा अर्क काढला, कमिटीची परवानगी मिळवली. पाच पिंजरे मांडले, प्रत्येकात सहा पांढरे उंदीर. पहिला पिंजरा निरोगी उंदरांचा. बाकीच्या चार पिंजऱ्यांना यकृत बिघडवणारं रसायन टोचायचं. त्यांतल्या दुसऱ्याला काहीच औषध नाही. तिसऱ्याला कंपनीचं माहितीतलं औषध. चौथ्या आणि पाचव्याला आमच्या पाल्याचा अर्क, एकाला कमी, एकाला जास्त. अकरा दिवसांनी रक्त तपासायचं, आणि मग सगळ्यांना मारून यकृत काढून बघायचं. या शेवटच्या कामाला कॉलेजात इंग्रजीतून 'बळी'च म्हणतात. त्या दिवशी काका घरी येऊन दोनदा आंघोळ करायचे आणि न जेवता झोपायचे.

त्या अकरा दिवसांत काकांनी डब्यात बिनमिठाचा ताकभात न्यायला सुरुवात केली. काकूला वाटलं, बीपी वाढलं असेल आणि सांगत नसतील. ती दोन दिवस रुसली, मग तिनंही भाजीतलं मीठ कमी केलं. मलाही अळणी खावं लागलं.

निकाल चांगला आला, चांगला म्हणजे फारच चांगला. एका रविवारी मंजुश्री कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन वडगावात घरी आली. चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

"काका, तुमचं औषध कंपनीच्या औषधाइतकं चाललं! पाचव्या पिंजऱ्यातले तर जवळजवळ निरोगीच. माझे गाईड सर म्हणाले, याच महिन्यात लिहून टाक."

काकांनी कुंदा हातात घेतला आणि काकूकडं बघितलं. इतकं उजळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"चालणारच की, म्याडम. पथ्य पाळलं की लागू पडतंयच."

"म्हणजे?"

"म्हंजे पथ्य मी संभाळलं न्हवं का. तुमी पाचच्या गाडीला गेलासा की त्या दोन पिंजऱ्यांतलं पेलेट काढायचं. तेलाचा वास मारतंय ते. मग ताकभात, जोंधळ्याचं पीठ मळून गोळ्या. सकाळी तुमी यायच्या आत परत पेलेट. तुमाला कशाला तरास."

मंजुश्रीनं डबा खाली ठेवला. उंदीर दिवसा झोपतात, रात्री खातात. म्हणजे अकरा दिवस त्या बारा उंदरांनी पेलेट जवळजवळ खाल्लंच नव्हतं.

"आणि तिसऱ्या पिंजऱ्याला?" तिनं हळू विचारलं.

"ती कंपनीची गोळी. तिला कशाला पथ्य?"

काकू हसली. मग मंजुश्रीचं तोंड बघून थांबली.

"काका, खाणं बदललं तर त्या रसायनाचा परिणामच बदलतो. आता ते औषधानं वाचले की खाण्यानं, कसं सांगायचं मी? त्यांचं वजन उतरलं होतं, मी म्हटलं रोगानं असेल." ती उठली, परत बसली. "एक वर्ष गेलं माझं."

काका हातातला कुंदा तसाच धरून बसले. त्यांना अजून नीट कळलं नव्हतं; पण काहीतरी मोडलं आहे एवढं कळलं होतं.

गप्प बसणं सोपं होतं. त्या घरात आम्ही चौघंच होतो. मंजुश्री जाताना दारात थांबली, तेव्हा तिच्या मनात तेच आलं असावं, कारण ती म्हणाली, "मी दोन दिवस विचार करते." काकांनी विचार केला नाही. सोमवारी सर यायच्या आधीच ते सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभे राहिले.

"एकतीस वर्षं काम करताय, भावकू," सर म्हणाले, असं मंजुश्रीनं मला नंतर सांगितलं. "पेलेट बदलायचं नसतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"पेलेट बदललं न्हाय, सर. औषध दिलं म्हणून पथ्य दिलं."

सर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. नवी परवानगी, नवे उंदीर. काकांना त्यांनी कामावर ठेवलं; या कामासाठी दुसरं माणूस द्यावं का, असं मंजुश्रीला विचारलं. ती नको म्हणाली.

अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा काका तिला म्हणाले, "म्याडम, औंदा एक पिंजरा जास्त घाला. औषध न्हाय, नुसतं पथ्य."

मंजुश्रीनं पेन खाली ठेवलं. "नको काका. समजा..."

"समजा काय? समजा म्हणूनच तर एवढी जनावरं ठेवली हाईत की."

तिनं सहावा पिंजरा घातला. परवानगी यायला पाच महिने लागले. तोवर ती निपाणीहून येत राहिली, आणि काका दर गुरुवारी घरी औषध देत राहिले, पण पूर्वीसारखं बोलत नव्हते. पथ्य सांगताना मध्येच थांबायचे. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "अण्णा, लिंबाचं लोणचं चालंल काय?" तर कितीतरी वेळ तिच्याकडं बघतच राहिले.

दुसऱ्या खेपेतल्या एका रविवारी मी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला प्राणीगृहात गेले. आत तुसाचा आणि मुताचा उग्र वास होता. ते चौथ्या पिंजऱ्यासमोर मूठभर पेलेट घेऊन उभे होते.

"सकाळी ह्यांस्नी औषध पाजलंय," ते म्हणाले, "आणि आता माझ्याच हातानं वर तेलाचं खाणं घालतोय. आज्जानं बघितलं असतं तर हात मोडला असता माझा."

"मग घालू नका."

"घालाय पायजे. म्याडमचं वरीस खाल्लंय मी." त्यांनी जाळी उचलून पेलेट आत टाकलं. एक उंदीर जवळ येऊन त्यांचं बोट हुंगून गेला. "बरं झालं तरी मारणार, न्हाय झालं तरी मारणार. पण तोवर तरी बरं वाटाय पायजे का नको, सांग."

सहाव्या पिंजऱ्याकडं ते शेवटी वळले. त्यात त्यांनी ताकभात ठेवला आणि जाळी लावली. नेहमी ते उंदरांशी काहीबाही पुटपुटायचे. त्या पिंजऱ्याशी काही बोलले नाहीत.

निकाल आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मंजुश्री कागद घेऊन प्राणीगृहात आली. काका बाटल्या धूत होते, मी त्यांना बोलवायला गेले होते. काकूला दाताच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मंजुश्रीनं आकडे वाचून दाखवले. चौथा पिंजरा, पाचवा पिंजरा: औषध न दिलेल्यांपेक्षा थोडा फरक, पण धरण्याजोगा नाही.

"सहावा?" काकांनी पाठमोरंच विचारलं.

तिनं कागद उलटला. "सहावा बरा आहे, काका. मागच्या वेळच्या पाचव्याइतका."

काकांनी हातातली बाटली विसळली, उपडी ठेवली, दुसरी घेतली.

"म्हंजे पथ्यच."

"सहा उंदरांवरून माणसाचं काही सांगता येत नाही. पाला माणसाला उपयोगी असेलही. ते वेगळं तपासावं लागेल, मोठं काम आहे."

"व्हय," काका म्हणाले. "आमच्या घरानं चार पिढ्या माणसांवरनंच सांगितलं." आणि थोड्या वेळानं, "लिवा म्याडम. जसं हाय तसं लिवा."

मंजुश्रीनं तसं लिहिलं. आभाराच्या पानावर तिनं काकांचं नाव घातलं. ते पान काकूनं मला दोनदा वाचायला लावलं; काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डिसेंबरअखेर ते निवृत्त झाले. कॉलेजनं शाल दिली. ती त्यांनी घडी न मोडता ट्रंकेत ठेवली.

मला वाटलं होतं, आता ते औषध बंद करतील. जानेवारीतले तीन गुरुवार त्यांनी आलेल्यांना दारातूनच परत पाठवलं. "औषध न्हाय आता. पथ्य सांगतो, तेवढं पाळा," म्हणायचे. लोक ऐकून घ्यायचे आणि हिरमुसून जायचे.

"नुसतं पथ्य कोण पाळतंय?" काकू म्हणाली. "कोपऱ्यावर जाऊन भजी खात असतील. पाल्याचं भ्या होतं म्हणून त्वांड बांधून बसायचे."

काका तिच्यावर खेकसले नाहीत. "तुझं खरं हाय," एवढंच म्हणाले. तिच्यासमोर असं बोललेलं मी प्रथमच ऐकत होते.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी खानापूरकडचं एक जोडपं आलं. भरमा नावाचा पस्तिशीतला माणूस, नखांपर्यंत पिवळा, आणि त्याची बायको जयवंता. ती पायरीवरच बसली.

"अण्णा, औषध देत न्हाई असं म्हणत्यात. लई लांबनं आलोय. रिकाम्या हातानं लावून देऊ नका."

काकांनी भरमाची पापणी ओढून डोळा बघितला. मग म्हणाले, "देतो. पण आदी सरकारी दवाखान्यात जायाचं. रक्त तपासून, डॉक्टरला दावून, चिठ्ठी घेऊन यायचं. चिठ्ठी न्हाय तर औषध न्हाय."

"आदी असं नव्हतं की."

"आता हाय."

ती दोघं गेली आणि दुपारी चारला परत आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आठवड्यानं परत बोलावलं होतं. काकांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरून आकडे वाचले. ते आकडे त्यांना चांगले कळत होते. मग परसात जाऊन पाला खुडला. सूर्य मावळतीकडं कलला होता, सकाळचा नेम केव्हाच मोडला होता. त्यांनी तो वाटला, ताकात घातला, भरमाच्या हातात वाटी दिली. पूर्वी वाटी देताना ते डोळे मिटून आज्ज्याचं नाव घ्यायचे. त्या दिवशी डोळे उघडेच होते.

"अकरा दिवस," त्यांनी जयवंताला सांगितलं. "तेल न्हाय, मीठ न्हाय, डाळ न्हाय. दारूचा थेंब न्हाय. एक दिवस चुकला तर औषध उलटतंय. आणि डॉक्टरच्या गोळ्या चुकवायच्या न्हाईत, त्या पण ह्या औषधातल्याच समज."

जयवंतानं वाकून नमस्कार केला. काकांनी पाय मागं घेतले.

ती दोघं गेल्यावर ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले. वाटी धुवायला उचलायचीही त्यांना ताकद नव्हती असं दिसलं, म्हणून मी उचलली.

"खोटं बोललो बघ," ते म्हणाले.

मी वाटी घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी मी गावी गेले, आणि शनिवारी पहाटे काकूचा फोन आला, काका झोपेतच गेले म्हणून. महिन्याभरानं भरमा बरा होऊन दारात आला होता असं काकू सांगते. कशानं बरा झाला, ते कुणालाच सांगता येणार नाही.

त्या गुरुवारी मी वाटी धुवून बाहेर आले तेव्हा काका रस्त्याकडं बघत होते. मला बघून त्यांनी विचारलं, "साडेपाचची खानापूर गाडी घावली असंल न्हवं गं त्यास्नी?"