महाजनांची चावी आणि माझी जिवती

दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार होता. मी पोळ्या करत होते आणि समोरच्या महाजनांच्या दारावर कोणीतरी बराच वेळ थापा मारत होतं. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत समोरासमोरच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर. समोर काय चाललंय हे कळून घ्यायचं नसेल तर कान बंद ठेवावे लागतात, आणि मी ते जवळजवळ अडीच वर्षं बंद ठेवले होते. मग थापा माझ्या दारावर पडल्या. महाजनांच्या सुमनताई उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. "मॅडम, हे दार उघडून नाही राहिले," त्या म्हणाल्या. "हे घरीच होते म्हणून मी चावी नेली नव्हती. आमची एक चावी आहे ना हो तुमच्याकडे?" मी म्हणाले, बघते, कुठे ठेवलीय ते आठवायला हवं. काही वेळाने चावी आणून दिली. लॅच उघडलं. भास्कर महाजन खुर्चीत बसलेले होते, नाकावर चष्मा, मांडीवर उघडलेला पंख्याचा रेग्युलेटर, बोटांत अजून टेस्टर... डॉक्टरांना बोलावलं, पण त्यांनी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. महाजन त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यानंतरच्या दीड महिन्यात त्यांच्याविषयी मी इतकं गोड ऐकलं की हे कोणा दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय असं वाटावं. सगळ्यांच्या मदतीला धावणारे, म्हणे. धावायचे खरे, पण न बोलावता. मिक्सरचा आवाज बदलला की हे दारात हजर. मिक्सर दुरुस्त करायचे आणि मग तो तुम्ही कसा बिघडवलात यावर अर्धा तास बोलायचे. कॉलनीच्या गणपतीत आरती चालू असताना माइकची वायर चुकीची जोडलीय म्हणून त्यांनी मेन स्विच बंद केला होता आणि अंधारात सगळ्यांना अर्थिंग समजावलं होतं. माणूस गेला की त्याच्याविषयी वाईट बोलू नये, हे मला शाळेत मुलांना शिकवावं लागतं. पण मला महाजनांचा राग होता आणि तो अजून आहे. ते गेले म्हणून तो मी गुंडाळून ठेवणार नाही.

आम्ही शहाऐंशी साली सिल्वासाला आलो. आमचे हे प्रशासनाच्या कचेरीत लागले आणि मला इथल्या शाळेतही इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. महाजन त्याआधीपासून समोर राहत होते. मूळचे जळगावकडचे, इथून जवळच आमलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्सचे सुपरवायझर. दहा वर्षं आमचं ठीक चाललं होतं, म्हणजे ते बोलायचे आणि आम्ही ऐकायचो. मग शहाण्णवच्या शेवटी कारखान्याच्या मालकाने परदेशी मशीनवाल्यांशी पत्रव्यवहार करायला कॉम्प्युटरवर इंटरनेट घेतलं. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. त्या अक्षरांतून चाचपडत महाजन एका खेळात जाऊन पोचले आणि एके दिवशी आमच्या दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, तिथे एक अख्खं गाव आहे," ते म्हणाले. "राक्षस आहेत, जादू आहे, देशोदेशीचे लोक खरेखुरे येऊन खेळून राहिले. पण सगळं इंग्रजीत लिहिलेलं. मले निम्मं कळत नाही. तुम्ही या."

शनिवारी कारखान्याला सुट्टी असायची आणि माझी शाळा सकाळची. दुपारी आमचे हे मला स्कूटरवर सोडायचे आणि बाहेर वॉचमनपाशी पेपर वाचत बसायचे. ऑफिसात सुमनताईही यायच्या, विणकाम घेऊन. मोडेमचा तो घसा खरवडल्यासारखा आवाज, मग शांतता, मग पडद्यावर एकेक ओळ उमटायची... तुम्ही एका चौकात उभे आहात. पूर्वेला विहीर आहे. उत्तरेला धर्मशाळेचा दरवाजा आहे. मी वाचून मराठीत सांगायचे आणि महाजन दोनशे पानी वहीत नकाशा काढायचे, मशीनचे काढायचे तसा, पट्टी लावून. पहिले तीन शनिवार त्यांनी मला कीबोर्डला हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं, तलवार कशी चालवायची ते शिकवतील. त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते बाहेर कसं पडायचं. या खेळातून उठायचं असेल तर आधी धर्मशाळेत जाऊन खोली घ्यावी लागे. तसंच मध्येच उठलात तर तुमचं खेळातलं माणूस होतं तिथेच ताटकळत उभं राही, आणि कोणी राक्षस आला की संपलं. "कोणतीही मशीन चालू करायच्या आधी बंद कशी होते ते पाहायचं," ते म्हणायचे. "तुम्ही घाई करून राहिले, मॅडम." चाळिशीला आलेल्या, अठरा वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हे वाक्य दर शनिवारी ऐकावं लागे.

आपलं माणूस निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी लढवय्या घेतला आणि त्याला नाव दिलं भास्करराव. स्वतःलाच राव लावणारा माणूस मी तेवढाच पाहिला. मी वैदू घेतली, जखमा भरून काढणारी, आणि तिचं नाव जिवती ठेवलं. एकाच कीबोर्डवर आम्ही दोघांना आळीपाळीने चालवायचो. पहिल्याच दिवशी गावाबाहेरच्या शेतात एका कोंबड्याने जिवतीला मारून टाकलं. महाजन इतके हसले की सुमनताईंचे टाके सुटले. नवख्या माणसाला पहिल्या मरणाची माफी होती, म्हणून ती पुन्हा उठली. मग मी शिकले. भूक लागली की पाव खायचा, विहिरीवर पखाल भरून घ्यायची, अंधारात दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोन महिन्यांत जिवती अशी तयार झाली की दूरदेशीचे पाचसहा जण मोहिमेवर निघण्याआधी चौकात तिची वाट पाहत थांबायला लागले. मी आत शिरले की पडद्यावर ओळ यायची, जिवती आली, आता निघू या. हे वाचून कोणाला हसू येईल, येऊ दे. घरात माझी वाट स्वयंपाकासाठी पाहिली जायची आणि शाळेत घंटेसाठी. मी आल्यामुळे कोणाला धीर आला असं मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाचलं. महाजनांनी मात्र एकदाही बरं म्हटलं नाही. भास्कररावांच्या जखमा जिवतीने किती वेळा भरल्या याची गणतीच नाही, पण ते म्हणायचे, "जरा लवकर करत जा."

आता चावीचं सांगते. आमच्या कॉलनीत सगळे बाहेरचे. मे महिना आला की कोकणातले कोकणात, खानदेशातले खानदेशात. जाताना घराची चावी समोरच्याकडे द्यायची. त्याने तुळशीला पाणी घालायचं, नळ ठिबकत नाही ना ते पाहायचं. महाजनांकडे तर दाराशेजारी खिळ्यांची रांगच होती आणि प्रत्येक चावीला पुठ्ठ्याची चिठ्ठी. आमची बारा नंबरची चावी त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे, कायमचीच. सत्त्याण्णवच्या मेमध्ये आम्ही माझ्या माहेरी निघालो. खेळाचा नियम असा की महिनाभर कोणी फिरकलं नाही तर माणूस कायमचं पुसलं जाई. तेव्हा मी आमच्या चावीच्या चिठ्ठीच्या मागे जिवतीचा पासवर्डही लिहून घेतला महाजनांकडून, त्यांच्याच अक्षरात. माझ्या माहेरच्या गावाचं नाव होतं ते. "आठवड्यातून एकदा उठवा, पाव खायला घाला आणि परत धर्मशाळेत झोपवा," मी म्हणाले. "तुळशीसारखंच." आता कळतं की पासवर्ड ही काही समोरच्यांकडे ठेवायची वस्तू नव्हे. तेव्हा आम्हाला दोन्ही एकच वाटलं.

जूनमध्ये परत आले. तुळस टवटवीत होती. महाजन दारात आले आणि बॅगा खाली ठेवायच्या आत म्हणाले, "मॅडम, जिवती गेली." सांगायला लाजले नाहीत, अडखळले नाहीत. त्या दूरदेशीच्या मंडळींना एका गुहेत जायचं होतं, वैदू हवी होती, म्हणून यांनी माझी जिवती काढली. एकाच पडद्यावर दोघांना आलटून पालटून चालवत गुहेच्या तळापर्यंत नेलं. तिथे लाइट गेली. जनरेटर चालू करून, पुन्हा फोन लावून आत शिरेपर्यंत दोघंही राक्षसापुढे मुकाट उभे. "दोघांपैकी एकालाच आधी बाहेर काढता येत होतं," महाजन म्हणाले. "मी माझ्याला काढलं." मी विचारलं, का? "तो माझा होता म्हणून," ते म्हणाले.

कोंबड्याने मारलं तेव्हाची माफी आता नव्हती. जिवती पुसली गेली, नावासकट. महाजन म्हणाले, दुसरी करा, मी मदत करतो, या वेळी लवकर होईल. जशी काही मिक्सरची जार फुटली होती. माफ करा हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून निघाले नाहीत, आणि मी त्यांचीच वाट पाहत होते. पुढच्या शनिवारी मी आमलीहून सुतार बोलावला आणि आमचं लॅच बदलून घेतलं. मुद्दाम भर दुपारी, महाजन घरी असताना, ठोकाठोक चांगली ऐकू जाईल अशा बेताने. ते बाहेर आले. हात मागे बांधून दोन मिनिटं पाहत उभे राहिले आणि सुताराला म्हणाले, "स्क्रू लहान पडून राहिले. मोठे लाव." त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची चावी परत केली नाही, कारण मागायची तर त्यांनी येऊन मागावी. त्यांनी मागितली नाही. जिन्यात समोरासमोर आलो की ते बाजूला व्हायचे आणि मी भिंतीकडे बघायचे. सुमनताई सणाला फराळाचं ताट पाठवायच्या, मी त्यात साखर घालून परत पाठवायचे. कारखान्यात मी परत गेले नाही. खेळ नंतर त्यांनीही सोडला असं कानावर आलं, पण मी विचारायला गेले नाही.

तेराव्याला जावं लागलं. सुमनताईंनी मला दाराशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि वर पाहिलं तर खिळ्यांची ती रांग. सहा नंबर, नऊ नंबर... आणि बारा. अडीच वर्षांपूर्वीच निकामी झालेली आमची चावी, जागच्या जागी. चिठ्ठी उलटून पाहिली. मागे त्यांच्या ठसठशीत अक्षरात माझ्या माहेरच्या गावाचं नाव होतं. "मी म्हटलं होतं त्यांना," सुमनताई म्हणाल्या, "कुलूप बदललं मॅडमनी, काढून टाका आता. तर म्हणे, राहू दे." मी विचारलं, आणि तुमचं लॅच? त्यांना प्रश्न कळला नाही. "आमचं कशाला बदलायचं?" त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे चावी होती ना." मला तिथून उठून यावंसं वाटलं. ही माफी होती की निव्वळ हेकटपणा, हे त्या माणसाने शेवटपर्यंत कळू दिलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना द्यायला हवी. आपण काय केलं ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं, पहिल्याच मिनिटाला. मी तसं केलेलं नाही. त्या शनिवारी मी चावी शोधत नव्हते. चावी ओट्याशेजारच्या खिळ्यावर होती, हात लांबवला की येईल अशी, आणि मला ते पक्कं माहीत होतं. सुमनताई दारात उभ्या होत्या आणि मी आत तव्यापाशी. मनात म्हटलं, आली ना शेवटी वेळ मागायची, मग थांबा आता जरा. मी पोळी उलटली, शेकली, डब्यात ठेवली. दुसरी लाटली. तिसरी लाटली. मग गॅस बंद केला, हात धुतले आणि चावी घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तासभर आधीच गेले होते, काही उपयोग झाला नसता. पण त्या तीन पोळ्या करताना मला ते ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की दार बंद आहे आणि आत माणूस ओ देत नाही. मी माझा राग आधी बाहेर काढला. तो माझा होता म्हणून.

सुमनताईंना हे मी सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि वाटीभर साखर मागून परत आले. हे मी पेपरच्या ज्या पुरवणीत लिहितेय, ती त्या नेमाने वाचतात. आज त्यांना कळेल. त्यांची चावी अजून माझ्याकडेच आहे, ओट्याशेजारच्या त्याच खिळ्यावर. वाचून झाल्यावर ती परत मागायला आल्या, तर या वेळी लगेच देईन.