लाखेवरचे वेढे

सिरोंचाच्या वाटेवरल्या एका गावात मी सात वर्षे मास्तर होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गाव आणि आलापल्ली यांच्या मध्ये नदी होती, पूल नव्हता. पावसाळ्यात डोंगा चालेल तेवढेच बाहेरचे जग. माझ्याकडे मात्र एक गोष्ट होती जी आसपास कोणाकडे नव्हती, ती म्हणजे बिनतारी संदेश पाठवण्याचा हौशी परवाना आणि लढाईनंतर भंगारात निघालेला एक संच. दोन्ही दादामुळे. माझा थोरला भाऊ नागपूरला तारखात्यात होता. लहानपणी जेवायला बसलो की पाटावर बोटे वाजवून त्याने मला तारेच्या लिपीची टकटक शिकवली होती.

आई गेली त्या पावसाळ्यात आम्हा भावांचे बोलणे तुटले. ती अत्यवस्थ असल्याची तार मला मिळाली त्याच रात्री नदी दुथडी भरली. तीन दिवस डोंगा बंद राहिला. मी सहाव्या दिवशी नागपूरला पोचलो, तेव्हा सगळे आटोपले होते. मी म्हणालो, पूर होता. दादा माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुझ्या गावची डाक काल इथे पोचली. डाक आली, तू नाही आलास." त्यानंतर माझी पत्रे न फोडता परत येऊ लागली. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा त्याच्याच वळणदार अक्षरातला शेरा असे.

त्याला गाठायची एकच वाट उरली होती. दर रविवारी सूर्योदयाच्या सुमारास तो आपल्या संचावर बसे, तेही एकशे साठ मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर, जिथे फारसे कोणी फिरकत नसे. आमच्या हौशी मंडळींत एक रिवाज होता. कोणी तुमचे ठरलेले संकेतनाम घेऊन हाक मारली आणि ती ऐकू आली, तर उत्तर द्यायचे. दादा रिवाजाचा पक्का. सख्ख्या भावाला तो टाळील, पण ऐकलेली हाक टाळणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या पट्ट्यावर संदेश सोडायला सव्वाशे फुटांहून लांब तार हवी, तीही उंच ताणलेली. चहूकडे साग उभे, त्यामुळे काम सोपे वाटले. रेंजर म्हणाला, सरकारी झाडाला खिळा मारता येणार नाही. मी दोरीने बांधली, तर दोन दिवसांत वानरांनी तिचा झोका केला आणि तोडली. पुन्हा बांधली, पुन्हा तोडली. शेवटी अंगणात चाळीस फुटी बांबू उभा केला आणि त्यावर आखूड तार सोडली. आखूड तार या लहरीला चालत नाही, म्हणून तिच्या पायथ्याशी कॉइल बसवावी लागते. कॉइल म्हणजे तारेचे शंभरएक वेढे. तारेची जी लांबी कमी पडते, तिची उणीव ते वेढे भरून काढतात.

ते वेढे कशावर घालायचे? त्या मुलखात या प्रश्नाला एकच उत्तर होते. भिंत बांबूची, टोपली बांबूची, पाळणा बांबूचा. मी दंडाएवढा जाड बांबू तोडून आणला आणि त्याच दुपारी त्यावर तार गुंडाळली. तीन रविवार दादाला हाका मारल्या. हेडफोनमध्ये त्याची टकटक मला स्वच्छ ऐकू यायची. तो दुसऱ्या कोणाशी बोलायचा, मला उत्तर नाही.

याचा त्रास मला फार झाला, तो वेगळ्या कारणाने. त्याला ऐकू जात नाही की तो ऐकून गप्प बसतो, हेच मला कळत नव्हते. नाही म्हणाला असता तर मी संच विकून मोकळा झालो असतो.

बुधवारच्या बाजारात लाखेच्या बांगड्या विकणारे एक मुसलमान जोडपे यायचे. नवरा लाकूड कातायचा, बायको लाख चढवायची. चिकटवायला थोडी लाख मिळेल का म्हणून मी कॉइल घेऊन गेलो, कारण वेढे सैल पडू लागले होते. बाईंनी कॉइल हातात घेतली आणि हसू दाबले.

"मास्तर, ओल्या बांबूवर काऊन गुंडाळली? सुकून राह्यला न तो. म्हणून तार ढिली झाली."

"सुकला की पुन्हा आवळीन," मी म्हणालो.

"आवरून काई फायदा नाई," नवरा म्हणाला. "आत पानी हाय त्याच्या. आमची लाखबी धरत नाई त्याच्यावर."

बाजारात उभ्या उभ्या मला उमगले. टकटक करताना पाच मिनिटांत बांबू कोमट व्हायचा, आणि मी ते संच जोरात असल्याचे लक्षण समजत होतो. माझी हाक नागपूरला निघतच नव्हती, ती बांबूतले पाणी तापवत होती. इतकी वर्षे पोरांना विज्ञान शिकवून मी हे पाहिले नव्हते. लाज वाटली, आणि त्याहून जास्त हायसे वाटले.

पुढच्या बुधवारी नवऱ्याने दोन वर्षे सुकलेल्या शिवणीच्या लाकडाचा लाटण्यासारखा गोल दांडा कातून आणला. बाईंनी निखाऱ्यावर फिरवत त्याला चहूबाजूंनी लाख पाजली. मग तारेबरोबर सुती दोरा धरून वेढे घातले आणि शेवटी दोरा काढून घेतला. दोन वेढ्यांमध्ये दोऱ्याएवढी फट राहिली, सगळीकडे सारखी. मला ते जन्मात जमले नसते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. भावाशी बोलायला, मी म्हणालो.

"मंग पक्की बनवतो," बाई म्हणाल्या आणि दोन्ही टोकांना लाखेचा आणखी एक थेंब दिला.

रविवारी थंडी कडक होती. उजाडता उजाडता मी दादाला हाक मारली. दुसऱ्याच हाकेला त्याचे उत्तर आले: आवाज क्षीण, पण समजतो. एवढेच. रिवाज पुरा झाला होता. आता तो निरोप घेणार, हे त्याच्या टकटकीच्या लयीवरून मला कळत होते. मी घाईने टकटकीची किल्ली दाबली. इंग्रजी अक्षरांत मराठी पाठवायची आमची जुनी पद्धत होती. मी पाठवले:

चौथ्या दिवशी डोंगा सुरू झाला. बाया बसल्या, डाक गेली. मी पाण्याला भ्यालो. काठावरून परतलो. खोटे बोललो.

खरखरीतून त्याची टकटक आली: अर्धे समजले. पुन्हा सांग.

कोणते अर्धे, ते त्याने सांगितले नाही. मी सगळे पहिल्यापासून पाठवले, सावकाश, एकेक शब्द दोनदा. भ्यालो, भ्यालो. खोटे, खोटे. बोटे थंडीने आखडली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होते.

त्याने एकच अक्षर पाठवले. आमच्या रिवाजात त्याचा अर्थ, सगळे मिळाले.

मी किल्लीवरून हात काढला. मला वाटले, संपले. तेवढ्यात हेडफोनमध्ये पुन्हा टकटक सुरू झाली, आता तो सावकाश पाठवत होता, पाटावर शिकवायचा तसा. कॉइल कशावर गुंडाळली आहेस, असे तो विचारत होता.